कमाटीबाग कशी वाटली?

बडोद्यात कोणाकडे पाहुणा आला की तिसऱ्या दिवशी त्याला कमाटीबागेत न्यायचे, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. पहिला दिवस विश्रांतीचा, दुसरा लक्ष्मीविलास राजवाड्याचा, आणि तिसरा बागेचा. बागेतून परत आलेला पाहुणा हातपाय धुऊन चहाला टेकला, की घरातले कोणीतरी विचारतेच, "मग, कशी वाटली बाग?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि दोन पाहुण्यांनी त्याला एकच उत्तर दिल्याचे मला आठवत नाही.

फुलझाडांबद्दल मतभेद नसतो. झाडांच्या सावलीबद्दल नसतो. बागेतल्या पदार्थसंग्रहालयात देवमाशाचा सत्तर फुटांच्या घरातला सांगाडा टांगलेला आहे. त्याच्याखाली उभे राहिले की मोठमोठे बोलके लोकही गप्प होतात. मुलांच्या आगगाडीला तर पूर्वी कोणी नाव ठेवील अशी प्राज्ञा नव्हती. मतभेद सुरू होतो तो जनावरांपाशी. तेथे एकाच कठड्याला टेकून उभी असलेली दोन माणसे दोन निरनिराळ्या बागा पाहत असतात.

यंदा हा मतभेद माझ्या घरातच शिरला, म्हणून हे लिहितो आहे.

मी पेशाने गायनशिक्षक. दांडिया बाजारातल्या राहत्या घरी शिकवण्या घेतो. दरवर्षी थंडीत एका रविवारी सकाळी विद्यार्थ्यांना कमाटीबागेत नेण्याचा माझा प्रघात आहे. त्याला निमित्त शास्त्राचे. नारदीय शिक्षेत सात स्वर सात प्राण्यांच्या नावे लावून दिलेले आहेत. मोराचा षड्ज, बैलाचा ऋषभ, शेळीचा गांधार, क्रौंचाचा मध्यम, कोकिळेचा पंचम, घोड्याचा धैवत आणि हत्तीचा निषाद. मुलांना हे पाठ करायला सांगितले तर त्यांचे तोंड कडू होते. पण "चला, सप्तक शोधायला जाऊ" म्हटले की सगळी साडेसातलाच दारात हजर.

शोधता शोधता गंमत होते. सातांपैकी बागेच्या जाळीआड मोर सापडतो. क्रौंच म्हणजे सारस की करकोचा, हा विद्वानांचा वाद. तेव्हा लांब पायांचा जो पक्षी त्या दिवशी ओरडेल त्याला मध्यम देऊन आम्ही मोकळे होतो. कोकीळ असते, पण ती पिंजऱ्यात नव्हे, वरच्या झाडावर. बैल, शेळी आणि घोडा बागेच्या फाटकाबाहेर रस्त्यावर. हत्ती तर आता प्राणिसंग्रहालयात ठेवायचेच नाहीत, असा आदेश केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने 2009 साली काढला. त्यामुळे आमचे सप्तक निषादावाचून अपुरे राहते, आणि मुले तो निषाद स्वतःच सोंडेसारखा हात करून पुरा करतात.

यंदा निघण्याच्या आदल्या रात्री माझी चौदा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, मी येणार नाही. कोंडलेली जनावरे बघायला जायचे आणि वर त्यांच्यापासून स्वर शिकायचे, हे मला नाही पटत."

मी तिला जे उत्तर दिले ते सांगण्याजोगे नाही. बापमाणसाला उत्तर सुचले नाही म्हणजे तो जे देतो, ते. ती आली नाही. आम्ही तेवीस विद्यार्थी आणि नऊ पालक असे गेलो.

फिरून झाल्यावर एका झाडाखाली सतरंज्या पसरल्या. शेव-उसळीचे डबे उघडले आणि नेहमीचा प्रश्न निघाला, "कशी वाटली?" या वेळी मी मुद्दाम गप्प राहून ऐकले.

एक तरुण गृहस्थ काही वर्षे सिंगापूरला नोकरी करून आले आहेत. ते म्हणाले, "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका, पण तिकडे 1994 सालापासून रात्रीची प्राणिबाग आहे. जनावर ज्या वेळी हिंडते त्या वेळी माणसाने जायचे. आपल्याकडे जनावराच्या झोपेच्या वेळी आपण जातो आणि ते झोपले म्हणून तक्रार करतो."

तक्रार करणारे गृहस्थ शेजारीच बसले होते. ते बँकेत आहेत. त्यांचा हिशेब सरळ होता. "अर्धा तास उभा राहिलो. सिंहाने कूससुद्धा बदलली नाही. वाघाच्या आवारात नुसते गवत. तिकीट काढून गवत बघायचे काय?"

एका विद्यार्थिनीच्या आजींना यातले काहीच खटकले नव्हते. त्या लग्न होऊन बडोद्यास आल्या त्याला साठ वर्षे होऊन गेली. "अगदी पूर्वीसारखी नाही राहिली, पण झाडे तीच आहेत हो," एवढेच त्या म्हणाल्या. त्या जनावरे पाहायला आल्याच नव्हत्या.

मुंबईहून माझी मावसबहीण आली होती. तिला राणीच्या बागेचा अभिमान. "आमच्याकडे 2017 पासून पेंग्विन आहेत," हे तिने दोनदा सांगितले. त्यावर आमच्या शेजारचे गुजराती भाई हसून म्हणाले, "बेन, अमारे तो मगर छे! अने ते पण फुकट!" आणि सगळे हसले; कारण ते खरेच होते. कमाटीबागेतून विश्वामित्री वाहते, आणि त्या नदीत मगरी मोकळ्या राहतात. 2025 सालच्या मोजणीत शहराजवळच्या पात्रात त्या चारशेहून अधिक भरल्या. ऑगस्ट 2024 च्या पुरात त्यांतल्या काही थेट वस्तीत आल्या होत्या, हे बडोदेकर विसरलेले नाहीत. बागेत आलेला माणूस पुलावर थांबून खाली काठावर ऊन खात पडलेली मगर पाहतो. तीही सिंहासारखीच निश्चल पडलेली असते. पण तिच्याबद्दल "झोपलीच आहे, पैसे वाया गेले" असे कोणी म्हणत नाही. पैसे दिलेले नसतात हे एक. आणि ती उठली तर काय करील ते ठाऊक असते हे दुसरे.

एक पालक जंगलखात्यात होते, आता निवृत्त आहेत. ते म्हणाले, "गिरचा सिंह आज आठशे एक्क्याण्णववर गेला, ही 2025 ची गणना. पण सगळे एकाच मुलखात आहेत. उद्या साथ आली तर? जुनागडच्या सक्करबागेत सिंहांची पैदास होते ती हौसेसाठी नव्हे. प्राणिबाग म्हणजे बियाण्याचे कोठार समजा."

आणि मागून एक मुलगा, तबल्याचा विद्यार्थी, हळूच म्हणाला, "मला वास आला नुसता."

अशी ही नऊ-दहा मते. परत येताना माझ्या मनात आले की यातले एकही मत खोटे नाही. सिंह झोपला होता हे खरे, झाडे तीच आहेत हे खरे, वास आला हेही खरे. परंतु प्रत्येकाने बागेला विचारले ते इतकेच : "मला काय दिलेस?" कोणाला खेळ हवा होता, कोणाला आठवण, कोणाला अभिमान. ज्यांची ती बाग, त्या जनावरांना कशी वाटते, हा प्रश्न आमच्यापैकी एकाही मोठ्या माणसाने विचारला नाही. तो विचारणारी एकच व्यक्ती होती, आणि ती घरी रुसून बसली होती.

आमच्या गावापुरते बोलायचे तर जनावरांकडून आपण काय अपेक्षितो, हे दर पिढीला बदलत आले आहे. खंडेराव महाराजांच्या काळी, म्हणजे 1856 ते 1870 या वर्षांत, बडोद्यास येणारा पाहुणा जनावरांच्या झुंजी पाहायला जाई. लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी त्या सुमारास येथे येऊन राहिला. हत्तींच्या साठमारीचे त्याने केलेले वर्णन युरोपात पुष्कळ वाचले गेले. त्या काळच्या पाहुण्याला "कसे वाटले?" म्हणून विचारले असते, तर हत्ती किती जोराने भिडले यावर त्याने उत्तर दिले असते.

पुढे 1879 साली कमाटीबाग झाली. तेव्हा सयाजीराव महाराज अवघे सोळा वर्षांचे होते. कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत. झुंजीसाठी नव्हे, तर नुसते पाहण्यासाठी जनावर ठेवायचे, आणि ते रयतेने पाहायचे, हा विचार त्या दिवसांत मोठाच होता. जनावर गजांआड असे, पण त्याला रक्तबंबाळ व्हावे लागत नसे. पुढे 1907 साली हाम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक याने गजच काढून टाकले, आणि जनावर व माणूस यांच्यामध्ये खंदक घातला. ते पाहून लोक चकित झाले. त्या तऱ्हेची आवारे आपल्या देशात रुजायला पुष्कळ वर्षे लागली. आपल्याकडे 1992 साली केंद्रीय प्राधिकरण नेमले गेले, तेव्हापासून पिंजरा किती मोठा असावा, आडोसा कसा असावा, आठवड्यातून एक दिवस बाग बंद ठेवून जनावरांना विसावा द्यावा, अशा गोष्टी नियमात आल्या. जनावराला डिवचणे किंवा खाऊ घालणे हा आता गुन्हा आहे. म्हणजे आमचे बँकेतले स्नेही ज्याला "नुसते गवत" म्हणाले, ते गवत दीडशे वर्षांच्या विचाराने उगवलेले आहे. वाघाला आपल्यापासून लपता यावे म्हणून ते तेथे आहे.

हे सारे मला पुस्तकांतून नंतर कळले. त्याआधी मला जे शिकवले ते आमच्या अण्णांनी.

अण्णा म्हणजे माझे वडील. 1943 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते गायक म्हणून दरबारच्या नोकरीस लागले. ज्या दरबारात उस्ताद फैयाज खाँसाहेब होते तेथे अण्णांची जागा शेवटच्या ओळीतली, हे ते स्वतःच हसत सांगत. दिवेलागणीनंतर सात वाजता राजवाड्याची मोटार रावपुऱ्याच्या नाक्यावर येई, चौघा-पाच कलावंतांना उचली, आणि मग बोलावणे येईपर्यंत त्यांनी एका दालनात वाद्ये जुळवून बसायचे. कधी बोलावणे येई, कधी न येता रात्री अकराला मोटार परत सोडी. गायले तरी तनखा तोच, न गायले तरी तोच. 1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले, आणि मोटार यायची थांबली. अण्णा तेव्हा पंचविशीत होते. त्यांनी शिकवण्या धरल्या, आकाशवाणीच्या बडोदे केंद्रावर गायले, संसार नेटका केला. मी त्यांचे शेंडेफळ. माझा जन्म झाला तेव्हा ते छपन्न वर्षांचे होते. त्यामुळे मी पाहिलेले अण्णा दरबारचे नव्हेत. दरबार संपल्यावर तीस-चाळीस वर्षांनंतरचे.

त्यांना कमाटीबागेचे वेड होते. पहाटे पाचला मला उठवून नदीच्या बाजूला न्यायचे. फाटक उघडलेले नसे. आम्ही बाहेरच बसायचो. आत सिंह आवाज देई. सिंहाची डरकाळी आठ-आठ किलोमीटरांवर ऐकू जाते म्हणतात; आम्ही तर भिंतीलगत. अण्णा म्हणत, "ऐक. आधी मोठा आवाज, मग हळूहळू लहान, आणि शेवटी नुसते हुंकार. घाई आहे का कुठे? बोलावले म्हणून नाही ओरडत तो. त्याला वाटते म्हणून." तेव्हा मला त्यातले पहिले वाक्य कळे. शेवटचे कळायला वेळ लागला.

1989 च्या सुमारास अण्णांचे गाणे परगावी होते. मला बरोबर नेले होते. गाव कोणते ते सांगण्याचे कारण नाही. तशी प्राणिसंग्रहालये तेव्हा गावोगाव होती. तेथे फरशीच्या एका अरुंद पिंजऱ्यात बिबट्या होता. तो चालत होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि परत. अण्णा थबकले. त्यांनी माझा हात धरून बोटांवर मात्रा मोजायला लावल्या. इकडून तिकडे बरोबर आठ पावले, तिकडून इकडे आठ. "तीनताल आहे रे हा," ते म्हणाले. "या भिंतीशी सम, त्या भिंतीशी खाली. बघ, लय हलते का? एवढी पक्की लय मोठमोठ्या तबलजींची नसते." आम्ही पाऊण तास तेथे उभे होतो. एक पाऊल कमी नाही, एक जास्त नाही. वळताना मान दर वेळी त्याच बाजूला, त्याच उंचीवर झुके. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. नऊ वर्षांचा होतो. आजूबाजूचे लोकही खूष होते. "बिबट्या काय चपळ आहे! बघा, बसत नाही क्षणभर!" आम्ही त्या दिवशी पाहिलेल्या बागेबद्दल कोणी विचारले असते, तर आम्ही उत्तम म्हणून सांगितले असते.

चार वर्षांनी आम्ही पुन्हा त्याच गावी गेलो. मधल्या काळात संग्रहालयाने मोठी सुधारणा केली होती. बिबट्याला मोकळे आवार दिले होते : माती, झाड, चढायला खडक, पलीकडे खंदक. पाहणारे धन्य धन्य म्हणत होते. बिबट्या झाडावर नव्हता, खडकावर नव्हता. आवाराच्या एका कडेला तो चालत होता. आठ पावले, आणि वळण. आठ पावले, आणि वळण. पुढे भिंत नव्हती. पुढे वीस पावले मोकळी जागा होती. तरी नवव्या मात्रेला मान त्याच बाजूला झुके आणि तो परत फिरे.

अण्णांनी या वेळी मात्रा मोजल्या नाहीत. ते बाकावर बसले आणि बराच वेळ बोलले नाहीत. गाडीत एवढेच म्हणाले, "मी तुला चुकीचे शिकवले."

पुढे मी मोठा झाल्यावर एका पशुवैद्यांकडून मला याचे शास्त्र समजले. कोंडलेले जनावर जेव्हा एकच हालचाल कारणावाचून पुन्हा पुन्हा करते, तेव्हा ती चपळाई नसते. जी गोष्ट त्याला करायची आहे ती करता येत नाही, याची ती खूण असते. 2003 साली क्लब आणि मेसन या दोन संशोधक बाईंनी "नेचर" या नियतकालिकात दाखवून दिले, की जंगलात ज्या मांसाहारी जनावरांचा मुलूख मोठा असतो, तीच कोंडवाड्यात अशा येरझारा जास्त घालतात. आणि पशुवैद्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही. ही सवय एकदा मुरली, की जागा मोठी करून दिली तरी ती पुष्कळदा जात नाही. गज काढता येतात. पायांत बसलेले मोजमाप काढणे अवघड.

ते ऐकत असताना मला आमच्या घराची मधली खोली दिसत होती.

आमच्याकडे संध्याकाळी सात वाजले की अण्णा उठत. हातातले काम, समोरचा विद्यार्थी, कोणी भेटायला आलेले, काहीही असो, ते उठत. अंगात सदरा चढवून मधल्या खोलीच्या खिडकीशी जात, रस्त्याकडे पाहत, परत तंबोऱ्यापर्यंत येत, खोळीवरून हात फिरवत, पुन्हा खिडकीशी जात. असे पाऊण तास चाले. आई आम्हांला म्हणे, "त्यांना आता काही विचारू नका." मोटार बंद झाल्याला चाळीस वर्षे लोटली होती. त्यांना मोटारीची वाट नव्हती. राजवाड्याची ओढ तर मुळीच नव्हती. "आता मला वाटेल तेव्हा गातो, हे केवढे सुख," असे ते मनापासून म्हणत. तरीसुद्धा सात वाजले की पाय उठत. 2004 साली, ऐंशीव्या वर्षी, ते गेले; त्याच्या आदल्या आठवड्यात अंथरुणावर असतानाही संध्याकाळी त्यांची पावले पांघरुणाखाली हलत होती.

दरबाराने त्यांना वाईट वागवले असे मी म्हणत नाही. तनखा वेळेवर मिळे, मान मिळे, आणि खाँसाहेबांचे गाणे शेजारच्या दालनातून फुकट ऐकायला मिळे. दरबार पाहायला आलेला परगावचा पाहुणा "काय कलावंतांची चंगळ आहे!" म्हणून जाई, आणि तेही खोटे नव्हते. पाहुण्याला मैफल दिसे. मैफल नसतानाची बैठक त्याला कधी दिसत नसे.

शेव-उसळीच्या त्या सकाळनंतर मी घरी आलो आणि मुलीला पहिल्यांदाच ही बिबट्याची हकीकत सांगितली. आजोबांची तिला आठवण असण्याचे कारण नाही. ती त्यांना त्यांच्या तंबोऱ्यावरून ओळखते. ऐकून झाल्यावर तिने विचारले, "मग पुढच्या वर्षी नेणार का मुलांना?"

नेऊ नये असे मला क्षणभर वाटले. पण मग विचार केला. मुले गेली नाहीत म्हणून सिंह गिरला परत जाणार नाही. तेथे जन्मलेल्या जनावरांना जंगल ठाऊकच नाही. ती तेथे राहणार, आणि त्यांचे बरे-वाईट पुष्कळसे आपण तेथे जाऊन काय मागतो यावर ठरणार. आपण खेळ मागितला तर उद्या कोणीतरी गवत कापील. आपण "ऊठ, ऊठ" म्हणून शिट्ट्या मारल्या, तर ज्या जनावराने झोपायचे, ते उठून चालू लागेल. दिवसाचे वीस-वीस तास पडून राहणे हा सिंहाचा धर्मच आहे. तो निवांत झोपला असेल तर ती बाग बरी आहे, असे का म्हणू नये? फर्माईशी करणाऱ्या श्रोत्याने गवयाचे काय होते, ते आम्हां लोकांना कोणी सांगायला नको.

आम्ही दोघांनी बसून एक कागद तयार केला. पुढच्या खेपेला प्रत्येक विद्यार्थ्याने एकच जनावर निवडायचे आणि त्याच्यापुढे वीस मिनिटे न बोलता बसायचे. पाच गोष्टी लिहायच्या. ते एकाच वाटेने पुन्हा पुन्हा चालते का? त्याला आपल्यापासून लपता येते का? त्याच्या जातीची दुसरी जनावरे सोबत आहेत का, आणि ती एकमेकांकडे जातात का? खाणे शोधायला त्याला काही खटपट करावी लागते का? आणि माणसे आली की त्याच्यात काय बदलते? आजी-आजोबांनीही लिहायचे, सिंगापूरकरांनीही. शेवटची ओळ मुलीने घातली : "ते दिसले नाही तर किती वेळ दिसले नाही, हे आनंदाने लिहा."

मी पालकांना तो कागद पाठवला. दोघा-तिघांचे उत्तर आले नाही. जंगलखात्याच्या गृहस्थांनी त्यात दोन दुरुस्त्या सुचवल्या, त्या केल्या. बँकेतल्या स्नेह्यांनी फोन करून विचारले, "मास्तर, म्हणजे पुन्हा गवतच बघायचे ना?" मी हो म्हणालो. ते थोडे थांबून म्हणाले, "वीस मिनिटे मात्र ठीक आहेत. जास्त नको."

हिवाळा यायला अजून अवकाश आहे. गेल्या रविवारी पहाटे मात्र मुलीला घेऊन मी बागेच्या बाहेर, नदीच्या बाजूला जाऊन बसलो. सिंहाने त्या दिवशी आवाज दिला नाही. आम्ही सहा वाजेपर्यंत थांबलो. उजाडताना वरच्या झाडावर कोकीळ एकदा बोलली, मुलगी माझ्याकडे पाहून "पंचम" म्हणाली, आणि आम्ही चहाला घरी आलो. आईने दारातच विचारले, "काय, ओरडला का सिंह?"

"नाही," मुलगी म्हणाली, "झोपला होता. बरं होतं."